भोंग्याचं मौन

सोमवार, ता. ४

साबण कारखान्यातल्या बंधूंनो आणि भगिनींनो, आपण साऱ्या जगाचा मळ काढतो आणि कंपनी मात्र आपल्यालाच पिळून वाळत घालते, हे आणखी किती दिवस चालायचं?

हे वाक्य परवा फाटकासमोरच्या भाषणात म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं, पण त्याआधीच आवाज बसला. असा बसला की ‘भांडवलशाही’तला ‘भां’ तेवढा बाहेर पडला आणि उरलेली भांडवलशाही घशातच राहिली. पुढे बसलेल्यांना वाटलं, मी कॅन्टीनच्या भांड्यांबद्दल बोलतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. भांडी खरोखरच खराब आहेत.

आज सकाळी ही मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर हिचा मावसभाऊ. त्यानं घशात बॅटरी मारली, ‘अरे बापरे’ म्हणाला आणि फर्मान काढलं की एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. किती दिवस, असं मी खुणेनं विचारलं. त्यानं आधी हिच्याकडे पाहिलं आणि मग मला सांगितलं, ‘बघू.’

म्हणून ही वही. आयुष्यभर बोलत आलो, लिहायची गरज कधी पडली नाही. पण मोठमोठ्या क्रांतिकारकांनी तुरुंगात दैनंदिन्या लिहिल्याचं मी वाचलं आहे. माझा तुरुंग माझ्या गळ्यात आहे, एवढाच फरक.

आणि वेळ कशी पाहा. आपल्या कंपनीचं मुख्यालय सातासमुद्रापार, आपण तिची इथली पिल्लू कंपनी. तिकडून हुकूम आलाय की वडी विभाग बंद करायचा. साबणाच्या वड्या कापणं, ठसा उमटवणं, कागदात गुंडाळणं, हे सगळं त्या एका शेडमध्ये चालतं आणि ते करणाऱ्या सगळ्या बायका आहेत. आता म्हणे लोकांना वडी नको, हात धुवायचं पातळ औषध हवं, बाटलीतलं. ते दुसऱ्या देशात भरून तयार येणार. बायकांनी घरी जायचं.

ही त्याच विभागात गुंडाळणीवर आहे. पण मी आधी घराचा विचार करणाऱ्यांतला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. उत्तर एकच, संप. आणि संपाची हाक देणारा एकच गळा, तो सुजलाय.

मंगळवार, ता. ५

घरात शांतता. आई म्हणाली, भिंतीवरचं घड्याळ चालू आहे हे तिला आज कळलं. ती ते बंदच समजत होती. माझ्या आवाजाच्या वियोगानं माउली काहीबाही बोलू लागलीय.

मी चिठ्ठ्यांवर लिहून बोलतो. सकाळी ‘चहा’ या विषयावर पानभर लिहिलं, कारण चहाच्या मळ्यातल्या मजुरांचा उल्लेख टाळता येईना. हिनं पहिली ओळ वाचून चहा आणून दिला. पुढचं वाच, असं खुणावलं तर म्हणाली, “सुरुवातीवरून शेवट कळतो.”

कारखान्यात मला भोंगा म्हणतात. याचा मला अभिमान आहे. भोंगा झाला की सारा कारखाना जागा होतो. मी तसं लिहून दाखवलं. ही म्हणाली, भोंगा सुटायच्या वेळीही होतो आणि तेव्हा सगळे डबे उचलून पळतात. याचा माझ्याशी काय संबंध, ते कळलं नाही.

गुरुवार, ता. ७

कारखान्याचे कामगार अधिकारी घरी आले. यांना सगळे लोणी म्हणतात, का ते त्यांच्याशी दोन वाक्यं बोललं की कळतं. येताना घशाच्या गोळ्या, मधाची बाटली, गरम पाण्याचा थर्मास आणि लोकरीचा मफलर घेऊन आले. माझ्या घशाची इतकी आस्थेनं चौकशी केली की माझ्या सख्ख्या भावानंही केली नसती. खरं तर केलीच नाही.

“साहेब, तुम्ही लवकर बोलते व्हा,” ते म्हणाले. “तुम्ही गप्प बसल्यावर कामगारांना दिशा कोण देणार?”

शत्रूच्या तोंडून अशी कबुली. माझा ऊर भरून आला. हिनं मात्र त्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि वडी विभागामागची मोकळी जागा परवा कोण मोजत होतं, असं काहीतरी असंबद्ध विचारलं. लोणी म्हणाले, “झाडं लावायचीत, वहिनी.” कंपनीला झाडांची आठवण झाली, हाही आपल्या चळवळीचाच धसका.

ते गेल्यावर घशाच्या गोळ्या सापडेनात. ही म्हणते, आईंनी खाल्ल्या. आईला तर खोकला नाही.

शुक्रवार, ता. ८

युनियनच्या कमिटीची बैठक झाली. सोमवारी मुख्यालयाचे बडे साहेब येताहेत, वाटाघाटी होणार. माझ्या चिठ्ठ्या मोठ्यानं कोण वाचणार, हा प्रश्न आला. माझं अक्षर हिच्याशिवाय कुणालाच लागत नाही. तेव्हा हिनंच माझ्या शेजारी बसून वाचायचं, असं एकमतानं ठरलं. हिला जड जाईल, अशी मला काळजी वाटते. वडी गुंडाळणं वेगळं आणि साम्राज्याशी दोन हात करणं वेगळं.

सोमवार, ता. ११

सविस्तर लिहितो, कारण उद्याच्या इतिहासकाराला हे लागेल.

टेबलाच्या त्या बाजूला बडे साहेब. गुलाबी, हसरा, सतत पाणी पिणारा माणूस. त्यांच्या शेजारी दुभाषी. हा पोरगा आपल्याच मुलखातल्या आईबापांचा, पण वाढला तिकडे. आपली भाषा पुस्तकातून शिकलेला. आल्या आल्या त्यानं हिला विचारलं, “आपण जल प्राशन कराल का?” हिनं मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतोय म्हणून. पलीकडे लोणी. या बाजूला मी आणि ही.

मी पहिली चिठ्ठी दिली. सुरुवात होती, ‘इतिहासाच्या या निर्णायक वळणावर’, आणि पुढे पानभर मजकूर. हिनं ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाली, “हे नमस्कार म्हणताहेत.”

मी टेबलावर मूठ आपटली. “जोरात म्हणताहेत,” ही म्हणाली.

दुसऱ्या चिठ्ठीत मजुरीचा उगम थोडक्यात, कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिला होता. हिनं वाचून दाखवलं, “वडी विभागातल्या बायकांचं काय करणार, ते सांगा.” दुभाष्यानं सांगितलं. साहेब खूप वेळ बोलले. दुभाषी म्हणाला, “साहेब सांगतात की ते अवलोकन करतील.” म्हणजे ‘बघू’. डॉक्टर असो की भांडवलदार, सगळ्यांचा शब्द एकच.

मग मी ठरवलं, हिला काटछाट करायला वावच ठेवायचा नाही. ठळक अक्षरांत एकच वाक्य लिहिलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. तिनं ते जसंच्या तसं वाचलं. “बायकांच्या पोटावर पाय आणाल, तर आमचे कामगार हात धुवून तुमच्या मागे लागतील.”

 दुभाषी शब्दन् शब्द जपून सांगू लागला. पहिल्या भागाला साहेबांनी घाबरून टेबलाखाली वाकून स्वतःचे बूट कुठे आहेत ते पाहिलं. दुसऱ्या भागाला दुभाष्यानं आधी हात धुतल्याचा अभिनय केला, अगदी बोटांच्या बेचक्यांसकट, आणि मग दोन बोटं टेबलावर माणसासारखी चालवली. धमकीची धार कळावी म्हणून बिचाऱ्यानं एवढे कष्ट घेतले.

परिणाम विलक्षण झाला. साहेब उठून उभे राहिले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. ते वाक्य दुभाष्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं टिपून ठेवलं. इतका हादरलेला माणूस मी पाहिला नाही. ही मात्र तोंडाला पदर लावून बसली होती. बाईमाणूस, प्रसंगाचा ताण सहन झाला नसेल.

शुक्रवार, ता. १५

बंधूंनो, घात झाला.

आज सकाळी बाजारात जागोजागी पोस्टरं लागली. कंपनीच्या नव्या बाटलीचं भलंमोठं चित्र आणि खाली माझं वाक्य, ‘हात धुवून मागे लागा’. पगारवाढीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला वर्ष घालवणाऱ्या कंपनीनं हे काम आठवडाही न लावता उरकलं.

म्हणजे साहेबांना वाटलं, इथले कामगार इतके स्वच्छ आणि इतके निष्ठावान की आधी हात धुतात आणि मग साहेबांच्या पाठोपाठ येतात.

गावाला तर चेव चढलाय. विमा एजंटनं ते पोस्टर स्वतःच्या दारावर चिकटवलं. शिकवणीच्या बाईंनी वर्गात लावलं. थकलेली बाकी वसूल करणाऱ्या इसमानं म्हणे दोन बाटल्या नेल्या आणि ज्यांच्या घरी गेला तिथे नुसत्या टेबलावर ठेवल्या. नमुन्याला आणलेला माल दुपारपर्यंत संपला. आईनं पोस्टर वाचलं आणि म्हणाली, “छान लिहिलंय. थोडक्यात आहे. कुणाचं रे?”

मी निषेधाचा मजकूर लिहायला घेतला. सहाव्या पानावर असताना साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब आनंदात होते. त्यांना आता मोठं पोस्टर काढायचं होतं, सगळ्या देशभर लावायला. त्यावर वडी विभागातल्या बायकांचे हात हवे होते. कष्टाचे, फेसानं भरलेले, खरे हात. मी चिठ्ठी लिहू लागलो. ‘श्रमाच्या प्रतिमेचं अपहरण’ एवढंच झालं होतं, तोवर हिनं बोलायला सुरुवात केली. चिठ्ठी नसताना.

“हात आमचे छापणार आणि बाटली बाहेरून भरून आणणार?” ती म्हणाली. “मग हातही तिकडचेच छापा.”

दुभाष्यानं हेही शब्दशः सांगितलं. यावेळी शब्दशः पुरेसं होतं. साहेबांचं हसू थांबलं. ते पाणी प्यायले. मग लोणींना काही विचारलं, लोणींनी काही सांगितलं, साहेबांनी मान हलवली, पुन्हा हिच्याकडे पाहिलं. तासाभरानं असं ठरलं की बाटल्या इथेच भरायच्या. त्याच शेडमध्ये, त्याच बायकांनी. एकीलाही काढायचं नाही. भरणीची मशीन येईपर्यंत वडी चालू ठेवायची. सगळं करारात लिहून द्यायचं, कामगारांच्या सभेनं तो मंजूर करायचा. अट एकच. मशीन येईपर्यंत कारखाना एक दिवसही बंद पडता कामा नये. पडला, तर करार रद्द.

लोणी आज पहिल्यांदाच गोठलेलं दिसलं.

मी घरी येऊन जेवलो नाही. हा विजय कसला? संघर्ष नाही, घोषणा नाही, एका दुभाष्याच्या अज्ञानातून आणि बायकोच्या टोमण्यातून मिळालेली गोष्ट. मी वाचलेल्या एकाही ग्रंथात असा विजय नाही. आणि ती अट. संप करायचा नाही असं लिहून देणारा कामगार म्हणजे स्वतःची जीभ गहाण ठेवणारा माणूस. जीभ नसणं काय असतं, ते सध्या माझ्याइतकं कुणाला कळणार? सभेत या कराराविरुद्ध बोलायचं, हे ठरलं.

सोमवार, ता. १८

आंघोळ करताना अंगावर पाणी पडलं आणि तोंडून आपोआप ‘बंधूंनो’ निघालं. खणखणीत. मोरीतला तांब्या घुमला. मी टॉवेलानिशी बाहेर आलो आणि तसाच कपडे चढवून दवाखान्यात धावलो.

योगायोग असा की ही आधीच तिथे होती. आईंच्या गुडघ्याचं मलम न्यायला आली होती म्हणे. डॉक्टरनं घशात बॅटरी मारली, बराच वेळ मारली, आणि सांगितलं की घसा दिसायला बरा आहे, पण मनातून बरा नाही. आणखी आठवडाभर मौन.

घरी आल्यावर मी लिहून हिला विचारलं, तुझा हा भाऊ कंपनीनं विकत घेतलाय का? ही म्हणाली, “माझ्या माहेरच्या माणसाला वाटेल ते बोलू नका.” मी लिहिलं, बोललो कुठे, लिहिलं.

बुधवार, ता. २०

जे आपल्यांना दिसलं नाही ते परक्यांनी पाहिलं. लोणी कंपनीच्या गाडीतून घशाचा मोठा तज्ज्ञ घेऊन घरी आले. त्यानं एका मिनिटात सांगितलं, घसा उत्तम आहे, बोला.

मी बोललो. पहिला शब्द अर्थात ‘बंधूंनो’. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “आलं का ते परत?”

लोणींच्या डोळ्यांत पाणी होतं. शुक्रवारच्या सभेसाठी मंच, मंडप, लाउडस्पीकर, सगळी व्यवस्था कंपनी करेल, म्हणाले. आणि मग माझ्या कानाशी लागून हळूच, “मी अधिकारी आहे, उघड बोलता येत नाही. पण मन कामगारांकडे आहे. कच खाऊ नका. संपाची हाक द्या.” खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीतही हृदय असतं, असं मी नेहमी म्हणतो. म्हणत नसलो तर इथून पुढे म्हणेन.

गुरुवार, ता. २१

भाषण तयार आहे. तीन भाग, सोळा मुद्दे. हिला ऐकवायला बसवलं. ती शेंगा सोलत होती. पहिला भाग झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

“अहो, एक विचारू? कंपनी स्वतःहून लाउडस्पीकर लावून देते, तेव्हा ते भाषण कुणाच्या कामाचं असतं?”

मी म्हणालो, जनमताच्या रेट्यापुढे कंपनीही झुकते.

“माझ्या डाव्या हाताला जी बसते ना गुंडाळायला, तिच्या घरी मिळवतं दुसरं कुणी नाही. उजव्या हाताची चार महिन्यांची पोटुशी आहे. तुमचं भाषण छानच होईल. सगळे टाळ्या वाजवतील, त्याही वाजवतील. मग शनिवारी फाटकाला कुलूप असेल, आणि ते आम्ही लावलं असं ते म्हणतील.”

मी तिला तत्त्व आणि तडजोड यातला फरक समजावून सांगितला. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “तुमचा आवाज आला ते बरं झालं हो. पण मला त्या पंधरवड्यात तुम्ही जास्त आवडलात.” आणि उठून आत गेली. मी हे प्रेमाचं बोलणं समजतो. पण दुसरा भाग म्हणायला मन झालं नाही.

शुक्रवार, ता. २२

पहिल्या पाळीची सभा सुटायच्या वेळी झाली. मंच असा की लग्नालाही कुणी घालत नाही. उंच, गालिचा अंथरलेला, वर पंखा. लोणींनी स्वतः माइक माझ्या उंचीला लावून दिला, पाण्याचा पेला ठेवला आणि पायरीपाशी हात जोडून उभे राहिले. समोर सगळी पहिली पाळी. वडी विभागातल्या बायका डावीकडे एकत्र, अंगावर साबणाची पांढरी पूड. ही त्यांच्यात मधोमध. माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होती.

मी माइक धरला. आजवर फाटकासमोर मी स्टुलावर उभा राहून बोललो. स्टुलावरून भिंतीपलीकडचं दिसत नाही. या मंचावरून दिसलं.

वडी विभागामागे तीन ट्रक उभे होते. रिकामे, फाळके सोडलेले. शेजारी क्रेन. शेडचं मागचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. ड्रायव्हर चहा पीत होते आणि अधूनमधून मंचाकडे बघत होते, बस सुटायची वाट बघावी तसे.

झाडं लावायला क्रेन लागत नाही. मशीन उचलून न्यायला लागते.

मी लोणींकडे पाहिलं. ते मान हलवून मला धीर देत होते. ओठांनी आवाज न करता सांगत होते, ‘बोला.’ ट्रकवाले वाट पाहत होते, लोणी वाट पाहत होते, आणि माझ्या डोक्यात सोळाच्या सोळा मुद्दे ओळीनं उभे होते, एकही विसरलो नव्हतो. लाउडस्पीकर गुणगुणत होता. आयुष्यात इतका चांगला माइक मला पुन्हा मिळणार नाही.

मी म्हणालो, “ज्यांना करार मंजूर आहे त्यांनी हात वर करा.”

आणि खाली उतरलो.

 माझं भाषण संपलं, यावरच कुणाचा विश्वास बसेना. मागे काहीजण बिड्या पेटवून निवांत मांडी घालून बसले होते, ते धडपडत उठले. मग वडी विभागाचे हात वर गेले. मग तेलाच्या टाकीवरचे, मग बॉयलरवाले, मग सगळे. लोणी माइकपाशी धावले आणि म्हणाले की नेत्यांना अजून बरंच बोलायचंय, जरा थांबा. पण लोकांनी डबे उचलले होते.

घरी आल्यावर हिनं काही न विचारता ताट वाढलं. संध्याकाळी डॉक्टर मावसभाऊ येऊन गेला. मला म्हणाला, “आता कितीही बोला.” मग दोघं बहीणभाऊ उगाचच हसत बसले. मी विचार करतोय, माझ्या या मौनाच्या डावपेचाला चळवळीच्या इतिहासात तोड नाही. सारा पंधरवडा शत्रूला गाफील ठेवलं आणि ऐन क्षणी एका वाक्यात निकाल लावला. हे मी हिला सांगितलं. तिनं मान्य केलं.

पण अजून अर्धं काम बाकी आहे. दुसऱ्या पाळीचं मतदान उद्या आहे आणि तिथले तरुण संपाच्या गोष्टी करताहेत. माझीच जुनी भाषणं मला म्हणून दाखवतात. लोणी तिथल्या मुकादमाबरोबर कुजबुजत होते, हेही कानावर आलंय. ट्रक अजून हललेले नाहीत. म्हणून आज रात्री त्यांची पाळी सुटताना म्हणायचं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे लांबणार नाही.

दुसऱ्या पाळीतल्या बंधूंनो आणि भगिनींनो, तुमचा राग खरा आहे. तो मीच तुम्हाला दिला आणि तो परत मागत नाही. पण उद्या तुम्ही काम बंद ठेवावं, याचीच वाट बघत भिंतीपलीकडे क्रेन उभी आहे. तिला रिकामीच परत पाठवा. उद्या पाळी सुरू होण्याआधी कॅन्टीनमध्ये या आणि कराराच्या बाजूनं हात वर करा.